सहाव्या लेनची मऊ भिंत

पोहण्याच्या शर्यतीत फ्रीस्टाइल हा सगळ्यात मोकळा प्रकार, असं लोकांना वाटतं, आणि ते खोटं नाही. पालथं पोहा, उताणं पोहा, म्हशीसारखं डुंबत जा, कुणी विचारत नाही. दमलात तर तळाला पाय टेकवून घटकाभर उभं राहिलं तरी चालतं. फक्त चालायचं नाही आणि लेनची दोरी ओढायची नाही. पण मोकळेपणावर भाळलेलेच बहुधा बाद होतात, कारण दोन गोष्टींना तिथं माफी नाही. उडी मारल्यावर आणि भिंतीवरून वळल्यावर पंधरा मीटरच्या आत डोकं पाण्याबाहेर आलं पाहिजे, ही एक. प्रत्येक लांबी संपली की अंगाचा कुठला तरी भाग भिंतीला लागलाच पाहिजे, ही दुसरी. हात लागो, पाय लागो, करंगळीचं टोक लागलं तरी पुरे. नाही लागलं तर तुम्ही दहा हात पुढं का असेना, घरी जायचं.

ही दुसरी गोष्ट बघण्यात साहेबराव सोनकांबळे यांची सव्वीस वर्षं गेली. नांदेडला पाटबंधारे खात्यात कारकून, आणि शर्यती असल्या की रजा टाकून टर्न जज. म्हणजे वळणाच्या भिंतीवर उभं राहायचं, आपल्या लेनमधला पोहणारा आला की वाकायचं आणि भिंतीला शिवला की नाही ते बघायचं. पांढरी पँट, पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, एक संपलं तर दुसरं. गुडघे दुखायला लागले तेव्हा त्यांनी प्लॅस्टिकचं स्टूल मागून घेतलं, पण पोहणारा पाच मीटरवर आला की ते स्टूल सोडून उकिडवे बसत. बाकीचे पंच पोराकडं बघतात, साहेबराव भिंतीकडं बघत. पोरं हलतात म्हणून नजर फसते, भिंत हलत नाही, हे त्यांचं साधं शास्त्र होतं.

शंका आली तर फायदा पोहणाऱ्याला, असा पंचांचा रिवाज आहे. साहेबरावांना तो मान्य होता. अडचण एवढीच की त्यांना शंका येत नसे. स्वतःची मुलगी बुद्धप्रिया हिला त्यांनी नांदेडच्या तलावात भर शर्यतीत बाद केलं, तेव्हा पोरगी पंधरा दिवस बोलली नाही आणि बायकोनं जेवणाचं ताट आपटून वाढलं. साहेबराव जेवले, आणि म्हणाले की चार बोटं अंतर होतं. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं परभणीपासून उदगीरपर्यंतचे पंच मानत. हरकत आली तर मुख्य पंच एवढंच विचारत, भिंतीवर सोनकांबळे होते का. होते म्हटल्यावर हरकत तिथंच संपे.

भूतखेत, अंगात येणं, उतारे, यांची त्यांना भारी चीड. ऑफिसात कुणी लिंबू-मिरची टांगली तर ते खुर्चीवर चढून काढत. माणूस बुडतो तो नाकातोंडात पाणी गेल्यानं, आणि भिंत ही दगडाची नाहीतर फरशीची असते, त्यात दुसरं काही नसतं, हे ते वळणावर बसणाऱ्या नव्या पंचांनाही सांगत. आता भिंतीबद्दल असं कुणी सांगत बसतं का? पण साहेबराव सांगत. त्यांना पाण्यात उतरलेलं मात्र कुणी कधी बघितलं नव्हतं. टर्न जजला पोहता येत नाही म्हणून पोरं मागं हसत. येत होतं, चांगलं येत होतं. नवव्या वर्षानंतर ते पाण्यात गेले नव्हते, इतकंच.

गेल्या सप्टेंबरात लातूरला शालेय जिल्हा स्पर्धा होत्या. पक्षपात नको म्हणून भिंतीवर काही पंच शेजारच्या जिल्ह्यातले बोलावतात, तसे साहेबराव गेले. पन्नास मीटरचा तलाव, उड्या पूर्वेकडून, वळण पश्चिमेला. पहिल्या दिवशी सतरा वर्षांखालील मुलींची शंभर मीटर फ्रीस्टाइल होती आणि साहेबरावांच्या वाट्याला सहावी लेन आली. कागदावर नाव होतं तनुजा बजरंग सूर्यवंशी. त्यापुढं गावाचं नाव वाचून ते जरा थबकले. औसा तालुक्यातलं ते त्यांचं स्वतःचं गाव होतं. तिथलं कुणी पोहायला आलेलं त्यांनी आजवर बघितलं नव्हतं.

पोरगी आली ती सगळ्यांच्या पुढं. विहिरीत शिकलेली आहे हे लांबून कळत होतं, मान जास्त वर, पाय जोरकस. साहेबराव वाकले. तिचा उजवा हात पुढं आला, भिंतीच्या अलीकडं वीतभर थांबला, ती गर्रकन फिरली, पाय मागं झाडले आणि सुटली. साहेबरावांनी हात वर केला. भिंतीला न शिवता वळलेली हजारो पोरं त्यांनी बघितली होती. त्यांचं वळण ढिलं पडतं, कारण पायाला रेटा द्यायला काही नसतं. ही मात्र कुणीतरी ढकलून दिल्यासारखी गेली. ते त्यांना खटकलं, पण वीतभर पाणी मधे होतं हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं: लेन सहा, पन्नास मीटर, भिंतीला स्पर्श नाही. खाली सही केली.

ती पहिली आली आणि बाद झाली. थोड्या वेळानं टॉवेल गुंडाळून ती त्यांच्यापुढं येऊन उभी राहिली, सोळा वर्षांची, काळीसावळी, रडून घेतलेली. मागं तिची आजी होती. तनुजा भांडली नाही. तिनं हात लावला होता, एवढंच तिचं म्हणणं होतं. साहेबरावांनी नेहमीसारखं सांगितलं की एक वीत अंतर होतं. पोरं अशा वेळी हजार कारणं सांगतात, डोळ्यांत पाणी गेलं, फरशी गुळगुळीत होती, चष्मा सरकला. ती सगळी त्यांना पाठ होती.

"लावला सर," ती म्हणाली. "फकस्त भिंत मऊ लागली."

साहेबरावांच्या हातातला कागद ओला नव्हता, तरी त्यांनी तो पँटीला पुसला. आजीनं नातीचा दंड धरला आणि सरांचं बराबर हाय, चल, म्हणून तिला ओढलं. जाता जाता तिनं साहेबरावांच्या तोंडाकडं निरखून बघितलं. "किसनाचा सायबू न्हवं तू?" तिनं विचारलं. साहेबरावांनी मान हलवली. त्यांनीही तिला ओळखलं होतं. सूर्यवंश्यांची सून केवळाबाई. साहेबरावांचे वडील ज्यांच्या शेतात सालगडी होते त्या घरची.

त्या शेतात काळ्या दगडांनी बांधलेली एक विहीर आहे. चांगली ऐसपैस, पूर्वेला पायऱ्या. पश्चिमेच्या भिंतीत पाण्याच्या वर हातभर कोनाडा आणि कोनाड्यात शेंदूर लावलेले सात दगड. साती आसरांची, पाण्यातल्या सात देवतांची, ती जागा. गावात नेम असा की पोहा, सूर मारा, काय वाटेल ते करा, पण पश्चिमेच्या भिंतीला शिवू नका. पोरं तिथवर जात आणि हातभर अलीकडूनच मागं फिरत. गावच्या पिण्याच्या आडावर सोनकांबळ्यांच्या पोरांना कुणी फिरकू देत नव्हतं. शेतातली विहीर मात्र इंजिनाची, दुपारी तिकडं कुणी बघत नसे. तिथं साहेबरावांना त्यांच्या थोरल्या बहिणीनं, पंचशीलानं, पोहायला शिकवलं. ते नऊ वर्षांचे, ती तेरा.

तिची शिकवण्याची तऱ्हा तिचीच होती. पश्चिमेच्या भिंतीजवळ इंजिनाचा पाइप पाण्यात सोडलेला होता. एका हातानं तो धरून ती भिंतीपुढं तरंगत राही आणि दुसरा हात पसरून पुढं करी. मी भिंत, असं ती म्हणे, मला हात लाव अन् फीर. सायबू येई, तिच्या तळव्याला तळवा टेकवी, वळे, आणि ती त्याचा तळपाय तळहातात घेऊन असा रेटा देई की तो थेट पायऱ्यांपाशी जाई. आपण दीक्षा घेतलेली माणसं, आपल्याला कुठल्या आसरा, असं तीच सांगे. पण भिंतीला शिवलेलं कुणी बघितलं तर विहीर आपल्याला बंद होईल, हेही तिला कळत होतं.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात एका दुपारी कोनाड्याखालच्या कपारीत तिचा पाय अडकला. पाणी गळ्याशी होतं, पाइप हातात होता, ती घाबरलेली नव्हती. आबाला, म्हणजे वडिलांना, बोलाव, एवढं तिनं सांगितलं. सायबू अनवाणी दोन शेतं पळत गेला. आबाला घेऊन परत आला तेव्हा पाणी निपचित होतं आणि काठावर सात-आठ माणसं उभी होती. तू पाठ फिरवलीस अन् आसरांनी तिला नेली, घडीचं काम झालं, असं त्यांनी सांगितलं. आबानं ते मानलं. साहेबरावांनी आसरा मानल्या नाहीत. पाय अडकला, पाइप निसटला, पाणी गेलं, यापलीकडं त्यात काही नव्हतं असं ते आयुष्यभर म्हणत आले. मात्र घडीचं काम, हे शब्द त्यांनी जपून ठेवले. पाठ फिरताच झालं असेल तर कितीही जोरात पळालो असतो तरी उपयोग नव्हता. त्या आधारावर माणूस झोपू शकतो, आणि साहेबराव शेहेचाळीस वर्षं झोपले.

हे त्यांनी कुणालाच सांगितलेलं नव्हतं, बायकोलाही नाही. मग भिंत मऊ लागली हे त्या पोरीच्या तोंडी आलं कुठून?

संध्याकाळी पाच वाजता दुसऱ्या दिवशीच्या पोहणाऱ्यांना सरावाला तलाव खुला होता. पंचांचं तिथं काही काम नसतं. साहेबराव तरीही गेले आणि पश्चिमेच्या टोकाला हात मागं बांधून उभे राहिले. तनुजा सहाव्या लेनमध्ये येरझाऱ्या घालत होती. पूर्वेच्या भिंतीला तिचा तळहात नीट बसे, फरशीवर चपकन वाजल्याचं इथवर ऐकू येई. पश्चिमेला आली की हात वीतभर अलीकडं थांबे, आणि काहीच वाजत नसे. चार वेळा गेली, चारी वेळा तसंच. पाचव्यांदा साहेबरावांनी तिच्या पायांकडं बघितलं. तळपाय पाण्यात कशावर तरी टेकला, घोट्यातून वाकला, आणि मग सरळ झाला. मागं नुसतं निळं पाणी होतं.

ती वर आल्यावर त्यांनी तिला विचारलं, हे वळण कुणी शिकवलं. तिनं सहज सांगितलं, जसं घरचा पत्ता सांगावा तसं. बापानं पाठीला रिकामा डबा बांधून पोहायला शिकवलं, पण वळायला कुणी शिकवलं नाही. विहिरीत तसंच होतं. त्या भिंतीकडं हात पुढं केला की हाताला हात लागतो.

"कुणाचा?"

"म्हाईत न्हाई सर. माझ्यापरीस लहान हाय." तिनं स्वतःचा तळवा उघडून त्याच्याकडं बघितलं. "इथंबी येईल असं वाटलं न्हवतं. आजीला सांगू नका, ती ऐकूनच थरथर कापती."

साहेबरावांनी तिला सांगितलं की उद्या दोनशे मीटरला हात पुढं रेट, मधे काय लागेल ते लागो, फरशीपर्यंत रेट. रेटून बघितलं सर, न्हाई जात, ती म्हणाली. मग तिनं तेही सांगितलं जे साहेबरावांना ठाऊक होतं. दोनशे मीटरला पहिल्या दोघी विभागाला जाणार, विभागातून क्रीडा प्रबोधिनीत नाव लागण्याची आशा, आणि पुढच्या वर्षी तिचं वय निघून जाणार होतं. उद्या बाद झाली की पोहणं संपलं. लॉजवर परतताना साहेबरावांना वाटत होतं की आपल्याला ताप आहे. अंगाला हात लावून बघितला तर अंग थंड होतं.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला शर्यत लागली. सहावी लेन साहेबरावांनी मागून घेतली, आयुष्यात पहिल्यांदा. शेजारच्या पाचव्या लेनवर बालाजी नावाचा तरणाबांड पंच होता, स्वतःची पोहण्याची शाळा असलेला, नियमाला पक्का. दोनशे मीटर म्हणजे चार लांब्या. पश्चिमेच्या भिंतीला त्यातली दोन वळणं, पन्नासला आणि दीडशेला. दोन्ही वळणं साहेबरावांच्या डोळ्यांखालून जाणार होती. आपण दिसेल तेच लिहायचं, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

शिट्टी झाली. तनुजा पुन्हा पुढं होती. पाच मीटर राहिले तसे साहेबराव उकिडवे बसले, पाण्यापासून हातभर. हात पुढं आला आणि वीतभर अलीकडं थांबला. ती सांगितल्याप्रमाणं रेटत होती. तिची बोटं मागं वाकली. मोकळ्या पाण्यात तिच्या बोटांची टोकं पांढरी पडली, काचेवर दाबल्यावर पडतात तशी. हात पुढं जात नव्हता. पोरीचं डोकं वर आलं आणि तिनं साहेबरावांकडं बघितलं, तोंडात पाणी, डोळे मोठे. नियमाप्रमाणं भिंत सोडण्याआधी शिवलं तरी चालतं, उशीर झाला तरी चालतं. पण शिवावं लागतं. बाजूच्या लेनमधली पोरगी वळून निघूनसुद्धा गेली. आता ते खोटं म्हणणार तरी कशाला? सव्वीस वर्षं ज्या डोळ्यांवर सगळ्यांनी विश्वास ठेवला तेच डोळे हे बघत होते.

ते आणखी खाली वाकले. मराठवाड्याच्या मातीत जे बोलणं नऊ वर्षांचे असताना त्यांच्या तोंडी होतं, तेच बाहेर आलं.

"पंचूताई, हात काढ. तिला भिंतीला लागू दे. म्या हाय हितं."

तनुजाचा हात एकदम पुढं पडला आणि फरशीवर असा आदळला की आवाज प्रेक्षकांत गेला. ती वळली. या वेळी तिचे पाय भिंतीवर नीट बसले. दीडशे मीटरला ती परत आली तेव्हा हात सरळ भिंतीला लागला, मधे काही आलं नाही. साहेबरावांनी तिच्या हाताकडं बघायचं सोडून पाण्यात बघितलं. स्वच्छ होतं, तळाची काळी रेघ दिसत होती. त्यांना आनंद व्हायला हवा होता. त्यांना मात्र वाटलं की आपण कुणाला तरी दुसऱ्यांदा पाठ दाखवली.

तनुजा दुसरी आली. चौथ्या मिनिटाला बालाजीची लेखी हरकत मुख्य पंचांच्या टेबलावर होती. त्याची विद्यार्थिनी तिसरी आली होती हे खरं, पण तो खोटं बोलत नव्हता. सहाव्या लेनचे पंच वाकून पोहणाऱ्या मुलीशी बोलले, हात काढ, भिंतीला लागू दे, असं त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. भर शर्यतीत पंचानं पोहणाऱ्याला सूचना देणं म्हणजे बाहेरची मदत, आणि मदत घेतलेल्या मुलीचा निकाल कसा धरायचा?

मुख्य पंच गुरुबसप्पा हे उदगीरचे, शांत गृहस्थ. त्यांनी ऑफिसच्या खोलीत साहेबरावांना बसवलं, पाणी दिलं. पालक म्हणून केवळाबाईंनाही बोलावलं, त्या दाराशी खुर्चीवर बसल्या. तनुजाचा बाप बजरंग सोयाबीनच्या काढणीला थांबला होता. गुरुबसप्पांनी हळू आवाजात सुटकेची वाटही दाखवली. वय झालं, उन्हात बसून माणूस स्वतःशी पुटपुटतो, तसं लिहून द्या, मी मिटवतो, असं ते म्हणाले. पण बालाजीनं शब्द न् शब्द लिहिला होता, आणि ते शब्द कुणाला तरी उद्देशून होते. मुलीला उद्देशून असतील तर मुलगी बाद. मुलीला नसतील तर कुणाला, हे सांगावं लागणार होतं.

साहेबरावांनी पाणी संपवलं. ऑफिसातल्या दारावरची लिंबं काढणारे, वळणावर बसून शास्त्र सांगणारे साहेबराव सोनकांबळे आता काय लिहिणार, याची त्यांना स्वतःलाच भीती वाटत होती. खोटं लिहिणं सोपं होतं. पण भिंतीवर बसून खोटं लिहिलं असं त्यांच्याबद्दल कुणी म्हटलं नव्हतं, आणि ते तसं करणारही नव्हते, मग वेडा म्हटलं तरी बेहत्तर.

"मी मुलीशी बोललो नाही," ते म्हणाले. "माझ्या बहिणीशी बोललो."

गुरुबसप्पांनी बहीण कुठं होती ते विचारलं. सहा नंबरला, भिंतीपाशी, पाण्यात, असं साहेबरावांनी सांगितलं. बालाजी खाली बघायला लागला, त्याला आपल्या हरकतीची लाज वाटत असावी. गुरुबसप्पांनी कोरा कागद पुढं सरकवला. हे लिहून दिलंत तर मुलीचा निकाल राहील, पण मग मला तुम्हाला भिंतीवर बसवता येणार नाही, पुढं कधीच, तुम्हाला कळतंय ना, असं त्यांनी विचारलं. साहेबरावांना कळत होतं. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं की शर्यत चालू असताना मी बोललेले शब्द माझी मयत बहीण पंचशीला किसन सोनकांबळे, वय तेरा, हिला उद्देशून होते. मुलीला मी कोणतीही सूचना दिली नाही. ते नाव त्यांनी शेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कागदावर लिहिलं.

कागदावर पालकाची सही लागते म्हणून गुरुबसप्पांनी तो केवळाबाईंकडं दिला. बाई सातवी शिकलेल्या, चष्मा लावून ओळीवर बोट ठेवून वाचणाऱ्या. बोट नावापाशी आलं आणि तिथंच राहिलं. त्यांच्या तोंडाचा रंग गेला. नातीचं काम झालं होतं, सही ठोकून निघायला हरकत नव्हती. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"तू आबाला आणाया गेलास तवा ती जित्ती व्हती," त्या म्हणाल्या. "लई वेळ व्हती. एका हातानं पाइप धरलेला अन् दुसरा हात वर केलेला, कुणीतरी धरावा म्हणून. आमच्यातली गडीमाणसं काठावर हुबी व्हती. आसरांची भिंत, तिथं कोण शिवंल, अन् तिला कोण शिवंल. एकजण उतरला न्हाई. तू लांबून पळत येताना दिसलास, तवा कुठं तिचा पाइप सुटला."

आपण दोन शेतं किती वेळात पळालो असू याचा हिशोब साहेबराव आयुष्यभर टाळत आले होते. घडीचं काम, हे शब्द ज्यांनी दिले ती माणसं किती वेळ त्या हाताकडं बघत उभी होती, हे आता त्यांच्या डोळ्यांपुढं आलं. तो हात खाली कधी गेलाच नव्हता. नंतर त्या विहिरीत उतरलेल्या प्रत्येक पोराला तो भिंतीपासून अलीकडं धरत आला होता. त्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते आवरलं नाही.

केवळाबाईंनी तोंडावर पदर घेतला. मला माफ कर म्हणायचं मला तोंड न्हाई, असं काहीसं त्या पुटपुटल्या. साहेबरावांनी माफही केलं नाही आणि बोलही लावला नाही. त्यांनी गुरुबसप्पांकडून दुसरा कोरा कागद मागून घेतला, तो केवळाबाईंच्या मांडीवर ठेवला आणि खिशातलं पेन उघडून त्यांच्या हातात दिलं.

"काकू, हेबी लिहा," ते म्हणाले. "कोण कोण हुबं व्हतं, नावासकट."

बाहेर पुढच्या शर्यतीची शिट्टी झाली, सहाव्या लेनवर दुसऱ्या कुणाला तरी बसवलं होतं. केवळाबाईंनी चष्मा पुन्हा लावला. बऱ्याच वेळानं त्यांनी पहिली ओळ लिहिली: मी विहिरीच्या काठावर उभी होते.